बाची पावती

1973 साली सुरतेजवळच्या उधन्यात भाड्याने खोली मिळायची, पावती मिळायची नाही. महिन्याचं भाडं आगाऊ मोजलं की कुणीतरी कोपरा द्यायचं, पण कागदावर नाव लिहून द्यायला कुणी तयार नसायचं. ज्या बाईने आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, नाव कागदावर लिहिलं आणि पुढे दर महिन्याला लिहीत राहिली, तिच्याविषयी मी हे लिहिते आहे. तिला सगळी गल्ली ‘बा’ म्हणायची, म्हणून आम्हीही बाच म्हणायचो. माझं शिक्षण, माझी नोकरी, आज डिंडोलीत असलेलं आमचं घर, कशाच्याही मुळाशी गेलं तरी बाच्या हातची पावती सापडते.

आम्ही दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातले. 1972 च्या दुष्काळाने आमच्या कोरडवाहू जमिनीचं काय केलं ते सांगत बसत नाही, त्या वर्षी खानदेशात घरोघरी तीच कहाणी होती. दुष्काळी कामावर खडी फोडून आई-दादांच्या हातांना घट्टे पडले, तरी दोन वेळची भाकरी होईना. गावातली एक-दोन पोरं आधीच सुरतेला यंत्रमाग चालवत होती. त्यांच्या भरवशावर दादा निघाले आणि काही महिन्यांनी आम्हालाही घेऊन गेले.

खानदेशातून सुरतेला जाणं म्हणजे ताप्ती व्हॅलीच्या गाडीत बसणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकलेल्या या रुळांवरून आधी आमच्याकडचा कापूस गेला आणि मग माणसं गेली. वाटेत नवापूरचं स्टेशन लागतं, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. पुढे सोनगड, व्यारा, बारडोली आणि शेवटी उधना. तिथे हा मार्ग मुंबई-अहमदाबादच्या मोठ्या मार्गाला मिळतो. सुरत स्टेशन त्याच्या पुढचं. पण गाठोडं डोक्यावर आणि पोर कडेवर घेतलेला माणूस पुढे कशाला जाईल? तो उधन्यालाच उतरतो आणि जिथे उतरतो तिथेच आसपास खोली शोधतो. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली या भागांत आज गल्लोगल्ली अहिराणी ऐकू येते, त्याचं निम्मं कारण या रुळांत आहे.

उरलेलं निम्मं कारण कापडात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुरतेत यंत्रमाग झपाट्याने वाढले आणि पन्नासच्या दशकात उधन्यात सहकारी तत्त्वावर उद्योगनगर उभं राहिलं. लूम्सच्या कारखान्याला तिथे ‘खातं’ म्हणतात आणि मागाला ‘सांचा’. दादा अशाच एका खात्यात लागले. बारा तासांची पाळी, एक पंधरवडा दिवसाची तर पुढचा रात्रीची. मजुरी मीटरवर. तार तुटला आणि सांचा बंद राहिला की तेवढे पैसे बुडाले.

पहिली खोली आम्हाला खात्यांच्या रांगेच्या पाठीमागे मिळाली. पत्र्याची, आणि भिंतीपलीकडेच सांचे. दिवसरात्र खटखट, खटखट. रातपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागते की नाही यावर त्याचं पोट अवलंबून असतं, हे ज्याने रातपाळी केली नाही त्याला कळणार नाही. दादांचे डोळे कायम लाल असायचे. एकदा उभ्या-उभ्या डुलकी लागून त्यांचा हात सांच्यात जाता-जाता वाचला. त्या दिवशी आईने ठरवलं, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल, पण खोली शांत गल्लीतच घ्यायची.

ती गल्ली होती जुन्या उधना गावच्या बाजूला, खात्यांपासून बरीच आत. गावातल्या जुन्या लोकांनी आपापल्या वाड्यात दोन-तीन खोल्या काढून भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. बाचं घर त्यांतलंच. पुढे ओटला, मग ओसरी, मागच्या वाड्यात कौलारू खोल्यांची एक ओळ, मधे कडुलिंब आणि पाण्यासाठी डंकी, म्हणजे हातपंप. बाचा नवरा जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्याची थोडी जमीन होती, ती दिरांकडे. तिचा मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी. खोल्यांचं भाडं हेच तिचं उत्पन्न.

आई मला आणि धाकट्या भावाला घेऊन विचारायला गेली. आईला गुजराती येत नव्हतं, बाला मराठी. बा ओटल्यावर सुरती पापडी सोलत बसली होती. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हता.

“आ पोयरी निशाळे जाय छे?”

सुरती बोलीत मुलीला पोयरी म्हणतात. आमच्या अहिराणीतही पोऱ्या-पोरी आहेतच, त्यामुळे आईला तेवढं कळलं. तिने मान हलवून नाही म्हणून सांगितलं. बा म्हणाली, “तो पहेलां एने निशाळे मूक. भाडुं पछी.” आधी हिला शाळेत घाल, भाड्याचं मागाहून बघू.

भाडं ठरलं महिना 25 रुपये. अनामत नाही. घरात मटण-मासळी शिजवायची नाही, एवढी एकच अट तिने घातली आणि आम्ही ती पाळली. दादांना खायचं असलं की ते खानावळीत जायचे. आमची जात तिने विचारली नाही. गाव विचारलं, आणि ते तापीच्या काठापासून फार लांब नाही हे ऐकून तिला बरं वाटलं. “आपणी ज नदी,” ती म्हणाली. तापी आमच्याकडून वाहत तिच्याकडे येते, ही गोष्ट पुढेही ती अनेकांना कौतुकाने सांगायची.

दादांची रातपाळी असली की बा दुपारभर ओटल्यावर राखणीला बसायची. गोट्या खेळणारी पोरं, भांड्यांना कल्हई लावणारा, जोरात हाका मारणारा भाजीवाला, सगळ्यांना ती हाताने खूण करून पुढे पाठवायची. डंकीची दांडी कुरकुरते म्हणून तिने तिला तेल घालून घेतलं होतं. दुपारी बारा ते चार या वेळात वाड्यात कपडे बडवायचे नाहीत, हा तिचा नियम स्वतःलाही लागू होता. भाडेकरूच्या झोपेची एवढी काळजी घेणारी घरमालकीण मी त्यानंतर आजवर पाहिलेली नाही. दादांचे डोळे पांढरे झाले. मीटर वाढले, पगार वाढला.

आता पावतीचं. ते नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. महायुद्धाच्या काळात आणि नंतर शहरांत घरांची टंचाई इतकी वाढली की तेव्हाच्या मुंबई सरकारने 1947 साली भाडेनियंत्रणाचा कायदा केला. 1 सप्टेंबर 1940 रोजी जागेला जे भाडं होतं ते ‘प्रमाणभूत’ धरलं, आणि ते देत राहणाऱ्या भाडेकरूला मनाला येईल तसं काढता येणार नाही असं ठरलं. सुरत तेव्हा मुंबई राज्यात होती. 1 मे 1960 रोजी गुजरात वेगळा झाला, तरी हा मुंबईचा कायदा तिथे चालू राहिला. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागातही 1999 चा नवा कायदा येईपर्यंत तोच होता. हेतू गरिबाला छप्पर देण्याचा होता आणि लाखोंना त्याने ते दिलंही. पण भाडं वर्षानुवर्षं गोठलं म्हणून मालक धास्तावले. पगडी सुरू झाली. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे पावतीच द्यायची नाही. पावती नाही म्हणजे भाडेकरू नाही, आणि भाडेकरू नाही म्हणजे कायदा नाही. आमच्या गल्लीला त्यातलं कोणतं कलम लागू होतं याचा काथ्याकूट कुणी करत नसे, धाक मात्र सगळ्यांना होता. घर वाचवण्यासाठी मालकांनी धरलेली ती वाट मी समजू शकते, पण तिची किंमत आमच्यासारख्यांनी मोजली. रेशनकार्ड काढायला जा, राहण्याचा पुरावा मागत. शाळेत जा, तोच प्रश्न. शहरात राहायचं, शहराचं कापड विणायचं आणि शहरात राहतो हे सिद्ध करायला काहीच हाताशी नसायचं.

बाकडे एक लांबट पावतीपुस्तक होतं. कागद पिवळसर, खाली कार्बन. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दादा पैसे घेऊन ओसरीत गेले की ती चष्मा लावायची आणि जोडाक्षरांवर थांबत-थांबत गुजरातीत दादांचं पूर्ण नाव, खोलीचा क्रमांक, महिना आणि रक्कम लिहायची. रेव्हेन्यू स्टॅम्प जिभेला लावून चिकटवायची आणि त्यावर आडवी सही करायची. सही करायला ती वयाच्या चाळिशीत शिकली होती, नवरा गेल्यावर, बँकेत अंगठा उठवायला नको म्हणून. पावती फाडताना खाली पट्टी धरायची, कागद वाकडा फाटू नये यासाठी.

तिच्या नातेवाइकांना हे पसंत नव्हतं. एक दीर तर आमच्यासमोरच तिला बोलले, पावती देऊन स्वतःच्या हाताने घर घालवते आहेस, ही माणसं उद्या हलणार नाहीत. बाने पुस्तक मिटलं नाही. म्हणाली, “जेनुं भाडुं लईए एने पावती न आपीए तो चोरी कहेवाय.” ज्याचं भाडं घेतलं त्याला पावती दिली नाही तर ती चोरीच झाली. तिच्या लेखी विषय तिथेच संपला.

त्या पावतीवर आमचं रेशनकार्ड निघालं. रेशनकार्डावर माझं नाव मराठी शाळेत पडलं. रॉकेल, गहू, साखर घरात यायला लागली. मतदारयादीत आई-दादांची नावं आली. पुढे मी शिक्षिका होण्यासाठी पीटीसी केलं, नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले, आणि खानदेशातून आलेल्या कामगारांची शेकडो मुलं माझ्या हाताखालून गेली. सुरतेत महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांतून चालतात, हे महाराष्ट्रातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. प्रवेशाच्या दिवसांत टेबलापलीकडे उभी असलेली बाई “पावती नही शे, माय, मालक देत नही” म्हणायची तेव्हा मी त्या मुलाचं नाव आधी लिहून घ्यायचे आणि कागदांची जुळवाजुळव मागाहून करायचे. हे मी बाकडूनच शिकले.

आईने बाला काय दिलं? पैशाने देण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. पण एका श्रावणातली गोष्ट सांगते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला देवी मानून तिला नथ, डोळे, दागिने घालतात, चौरंगावर केळीच्या खांबांत बसवतात, रात्रभर गाणी म्हणून जागरण करतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. आमच्या खोलीत चौरंग मांडला तर माणसांना उभं राहायलाही जागा उरत नव्हती. बाने न विचारता आपली ओसरी रिकामी करून दिली. तिने आणि आईने मिळून ती सारवली. उधना-लिंबायतमधून आमचे गाववाले आले, पुरणपोळ्या झाल्या, गंगाफळाची भाजी झाली, रात्रभर अहिराणी गाणी झाली. बा शब्द न कळता टाळ्या वाजवत बसली होती.

कानबाईला रोट असतात. घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने सव्वाच्या मापाने गहू मोजून घेतात, ते दळतात आणि त्याचा नैवेद्य होतो. आमच्या घराण्यात रोट भाऊबंदांखेरीज कुणी खायचा नाही असा कडक रिवाज. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही मिळत नाही. गहू मोजताना आईने दादांचं माप घेतलं, भावाचं घेतलं आणि मग बाच्या मुलाच्या नावाने आणखी एक माप घेतलं. आमच्या चुलत आजीने हात धरला, “हाई काय करी राह्यनी?” आई एवढंच म्हणाली, “तीबी आपलीच शे.” सोमवारी नैवेद्याचं पान बासमोर ठेवलं तेव्हा तिला त्याचा अर्थ मी गुजरातीत समजावून सांगितला. तिने पान कपाळाला लावलं आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्लं. त्यानंतर दरवर्षी ते माप निघत राहिलं, आजही आमच्या घरी निघतं.

सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेग आला. पूर ओसरल्यावर शहरभर चिखल आणि कचरा कुजत होता, त्यातच ही बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. खासगी दवाखान्यांना कुलुपं लागली. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून नाहीशा झाल्या. उधना स्टेशनवरून गाडीच्या दाराला लोंबकळत लोक नंदुरबारकडे निघाले. गावाहून निरोप आला की येऊ नका, सुरतेहून आलेल्यांना लोक शिवारात शिरू देत नाहीत. गावाचाही दोष नव्हता, भीतीच तशी होती.

बा तेव्हा सत्तरीची. मुलगा न्यायला आला तरी ती निघाली नाही. “भाडूतने मूकीने क्यां जाउं?” म्हणाली. भाडेकरूंना सोडून कुठे जाऊ? वाड्यात आमचं आणि आणखी एक कुटुंब उरलं होतं. मी आणि भाऊ महापालिकेच्या पथकाकडून कॅप्सूल घेऊन आलो, आईने सगळ्यांना मोजून दिल्या. बाला ताप भरला त्या दोन रात्री आई तिच्या उशाशी बसली होती. प्लेगच्या दिवसांत तापलेल्या माणसाजवळ कुणी बसत नसे. सुदैवाने तो साधा हिवताप निघाला. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून एस. आर. राव आले, शहर घासूनपुसून स्वच्छ झालं, रस्ते रुंद झाले. आमच्या गल्लीत लाईनदोरी, म्हणजे रस्तारुंदीची रेषा, पडली त्यात बाच्या ओटल्याचा मोठा भाग गेला. भाडेकरूंची एकही खोली तिने कमी केली नाही, ओसरी अर्धी करून घेतली.

1998 साली डिंडोलीत आमचं स्वतःचं घर झालं. तोवर बाच्या खोलीचं भाडं 150 रुपयांवर आलं होतं, आणि बाहेर तशाच खोलीला त्याच्या कितीतरी पट पडत होते. दादांना अनेकांनी सल्ला दिला. पंचवीस वर्षांच्या पावत्या हातात आहेत, फुकट खोली कशाला सोडता, मालकिणीकडून चांगली रक्कम घ्या. असे व्यवहार तेव्हा सर्रास होत आणि कुणी त्याला वावगं मानत नसे. दादांनी पावत्यांचा गठ्ठा काढला, दोरी बांधली आणि म्हणाले, “तिनी आम्हले पावती दिन्ही. त्याना असा फायदा लेवाना का?” खोलीला चुना लावून, डंकीचं वॉशर बदलून, त्यांनी किल्ली बाच्या हातात ठेवली. बाने त्या महिन्याचं भाडं घेतलं आणि त्याचीही पावती फाडून दिली.

बा 2001 मध्ये गेली. दादांनी तिच्या मुलाबरोबर खांदा दिला. वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे. खालच्या मजल्यावर साड्यांचं फोल्डिंग चालतं, वर भाड्याच्या खोल्या आहेत. त्यांत आता ओडिशाची, बिहारची, उत्तर प्रदेशची माणसं राहतात. एका खोलीत दिवसपाळीवाले उठले की त्याच जागी रातपाळीवाले झोपतात.

29 मार्च 2020 रोजी टाळेबंदीत केंद्र सरकारने आदेश काढला की स्थलांतरित कामगारांकडून घरमालकांनी महिनाभर भाडं मागू नये. आदेश चांगला होता. पण ज्याच्याजवळ तो तिथे भाड्याने राहतो याचाच कागद नाही, त्याने तो आदेश कुणाला दाखवायचा? मे महिन्यात श्रमिक गाड्यांसाठी सुरतेत रांगा लागल्या, त्यांतल्या कितीतरी हातांत आधारकार्ड गावाकडचं होतं आणि सुरतेतल्या पत्त्याचं काहीच नव्हतं. आज रेशन देशात कुठेही मिळण्याची सोय झाली आहे, शिक्षणहक्काचा कायदाही आहे. तरी गॅसजोडणी, बँकेचं खातं, मुलाचा प्रवेश, अशा अनेक खिडक्यांवर राहण्याचा पुरावा मागतातच. भाडेकरूची नोंद पोलिसांत करतो म्हणणारे मालक पुष्कळ आहेत. भाडेकरूच्या स्वतःच्या हाती काही देणारे थोडे.

सुरतेत, ठाण्यात, भिवंडीत, पुण्यात, कुठेही तुमच्या मालकीची एक खोली भाड्याने दिलेली असेल, तर माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. भाडं तुमच्या हिशेबाने घ्या. पण ते घेतल्यावर त्या माणसाचं पूर्ण नाव, खोलीचा पत्ता आणि महिना लिहून, सही करून पावती त्याच्या हातात द्या. या महिन्यापासूनच द्या.